मधला खंड

सार्वजनिक वाचनालयाच्या उंच खिडकीतून सकाळचे ऊन हळूहळू आत आले. आधी टेबलावरच्या वर्तमानपत्रांवर, मग कपाटांच्या काचांवर, आणि शेवटी कादंबऱ्यांच्या झिजलेल्या पुठ्ठ्यांवर ओल्या हळदीसारखे पसरले. तो ते बघत राहिला. इथे उभे असताना घरातला औषधांचा वास आठवत नसे.

“आईंचा पहिला खंड वाचून झाला वाटतं?” ग्रंथपालबाईंनी हसून त्याच कादंबरीचा दुसरा खंड काढला.

“तिसरा हवाय म्हणाली. चुकून म्हणाली असेल.”

“विचार तरी! नाहीतर बोलणी मला बसायची.”

त्याने फोन लावला. पलीकडून आधी धाप ऐकू आली, मग आईचा ओळखीचा टोमणा. “अरे शहाण्या, मला अजून तीनपर्यंत आकडे येतात. तिसराच आण.”

“पण मधलं सगळं राहील ना, आई. सावकाश वाच की. घाई कसली?”

“मधलं राहू दे रे. त्या पोरीचं शेवटी काय होतं, तेवढं कळू दे मला.”

फोनमधला आवाज ऐकून बाईंनी दुसरा खंड परत कपाटात ठेवला आणि तिसरा काढून दिला. तिसरा हातात घेताना, इतके दिवस डॉक्टरांशीही हुज्जत घालून नाकारलेले त्याला मान्य करावे लागले. दोन्ही खंड वाचण्याइतके दिवस आईजवळ उरले नव्हते.