उजेडाकडे पाठ

प्रयोगशाळेच्या खिडकीत शेवाळाचे दोन काचेचे चंबू होते. एकात नुसतं तळ्याचं पाणी. दुसऱ्यात डोळ्यांना न दिसणारे प्लास्टिकचे कण मिसळलेले. रोज सकाळी मी दोन्ही हलवून ठेवायचे. पहिल्यातलं शेवाळ दुपारपर्यंत उजेडाच्या बाजूला जमायचं. दुसऱ्यातलं मात्र खिडकीकडे पाठ फिरवून माझ्या टेबलाच्या बाजूला.

मी टेबल दुसऱ्या भिंतीला लावलं. शेवाळही त्या बाजूला सरकलं. उजेड सोडून हे जगणार कशावर, मला कळेना.

"ताई, तुझ्या प्रेमात पडलंय ते," धाकटी बहीण फोनवर हसली. "थांब, बघायलाच येते."

तिला आठवा महिना लागला होता. जिना चढून दमली आणि आल्या आल्या माझ्या खुर्चीत टेकली. मी दुसरा चंबू हलवून टेबलावर ठेवला आणि मुद्दाम तिच्या समोरच्या बाजूला उभी राहिले.

आम्ही बोलत राहिलो. पाणी निवळलं. शेवाळ माझ्याकडे आलं नाही. तिच्या बाजूच्या काचेवर, बरोबर पोटासमोर, हिरवा डाग दाट होत गेला. असेच कण माणसाच्या रक्तात आणि गर्भाच्या वारेतही सापडतात, हे मला आठवलं.

"अगं, असं काय बघतेस?" तिने विचारलं.

मी खिडकीतल्या पहिल्या चंबूकडे बघत होते. स्वच्छ पाण्यातलं शेवाळही उजेड सोडून तिच्याकडे वळू लागलं होतं.