घरात माणसं किती

दारावर थाप पडली तेव्हा लिबोरिया म्हातारी मुलाची उजळणी घेत होती.

"कुठे राहतोस?"

"इथे."

"कधीपासून?"

"जन्मल्यापासून. आई, पुरे आता. शहरात मिनीबस चालवतो मी, पोलिसांना रोज थापा मारतो. ही तर कॉलेजातली पोरगी."

"पोलीस पैसे घेऊन सोडतात. ही लिहून घेते," म्हातारी म्हणाली आणि दार उघडायला उठली.

जनगणनेचा दिवस होता. बोलिव्हियाभर वाहनं बंद, दुकानं बंद, माणसांनी घराबाहेर पडायचं नाही. एरवी पठारावरच्या या गावात सहा घरांतून धूर निघायचा. आज वीस-पंचवीस घरांतून निघत होता. कुत्री भुंकून भुंकून दमली होती. एल आल्तो शहरात गेलेल्या झाडून सगळ्यांना गावप्रमुख कालिस्तोने निरोप धाडला होता: मोजणीला जो येणार नाही, त्याची जमीन गावाकडे जमा. आईच्या निरोपाला नाताळातही न येणारी मुलं या एका निरोपासरशी आदल्या रात्रीच्या बसने हजर झाली.

कालिस्तोचा हिशेब सरळ होता. गावात शंभर माणसं भरली तर दवाखान्यातली नर्स राहणार. नाही भरली तर ती खालच्या गावी, अर्ध्या दिवसाच्या चालीवर. लिबोरियाचं दर आठवड्याचं इंजेक्शन त्या नर्सच्याच हातचं. अंथरुणाला खिळलेले दोघे आणि परवा जन्मलेलं एक धरून कालिस्तोने बेरीज कशीबशी शंभरावर आणली होती. एकशे एक काही होत नव्हते.

मोजणीच्या मुलीचं नाव निएवेस. थंडीने तिचे ओठ फुटले होते. लिबोरियाने तिला चुलीजवळ बसवलं आणि पुढ्यात चुन्यो ठेवले, गोठवून वाळवलेले काळे बटाटे, वाफाळते. मुलीने आधी दोन तोंडात टाकले, मग कागद काढले.

"घरात माणसं किती?"

"दोघं. मी आणि हा तेओफिलो."

"काम काय करता?" मुलीने तेओफिलोला विचारलं.

उजळणीत हा प्रश्न नव्हता. "मिनीबस," तो बोलून गेला.

"इथे? कुठल्या रस्त्यावर?"

तेओफिलोने आईकडे पाहिलं.

"रस्ता होणार आहे," आई म्हणाली.

मुलगी हसली. "मला काय आजी, सांगाल ते लिहीन. माझ्या मामालाही त्याच्या आईने असंच ओढून नेलंय. फक्त एकदा कागद आत गेले की बदलता येत नाही."

तेवढ्यात तेओफिलोचा फोन वाजला. फोनला रेंज फक्त खिडकीशी, आणि खिडकी चुलीच्या डोक्यावर. तिथे उभं राहिलं की पलीकडचं बोलणंही घरभर ऐकू येई. एल आल्तोच्या घरून बायको होती.

"आपल्याही दारात मोजणीवाले आलेत. सोबत वस्तीचा अध्यक्ष. विचारतोय, नवरा कुठाय. काय सांगू?"

"आत झोपलाय म्हण."

"आणि तू तिथे नाव दिलंस तर? एक नाव दोन ठिकाणी सापडलं तर नळ तोडणार म्हणतो. किती वर्षांनी आलंय पाणी, तेओ! शेत काय पोरांना पाजायचंय? लवकर सांग. त्याला प्यायला पाणी आणते सांगून आत आलेय."

मागून एक बारीक आवाज आला, "बाबा कुठे झोपलाय? खोटं!"

तेओफिलोने फोन हाताने झाकला. मुलीकडे न बघताच ठरलेलं म्हणाला, "लिहा. इथे राहतो. जन्मल्यापासून."

लिबोरियाने चुलीत एक गोवरी सरकवली. ती पेटेपर्यंत बघत राहिली.

"त्याला धरू नकोस," ती मुलीला म्हणाली. "पाहुणा आहे."

"पाहुणाही धरतात, आजी. रात्र जिथे काढली तिथे."

"रात्र नाही काढली. सकाळी आला."

"सकाळी तर बस बंद आहेत."

"चालत आला."

मुलीने तेओफिलोच्या चकचकीत बुटांकडे पाहिलं.

"आई, तुझं इंजेक्शन..." तेओफिलो पुटपुटला.

"तू फोनवर बोल. पाणी आणायला इतका वेळ लागला की कुणालाही संशय येईल."

मुलीने दोनावर काट मारली, बाजूला एक लिहिला.

"मुलं किती झाली, आजी?"

"सात."

"हयात?"

"चार."

"त्यांतली या घरात राहणारी?"

"आत्ताच खोडलंस ना, बाळा."

मुलीने दारावर 'मोजणी झाली'ची चिठ्ठी चिकटवली. लिबोरिया तिला सोडायला उंबऱ्यापर्यंत आली. त्यापुढे जायला बंदी होती. समोरच्या उंबऱ्यात कालिस्तो पोंचो गुंडाळून उभा होता. सकाळपासून तिथूनच ओरडून तो घराघराचा आकडा गोळा करत होता.

"लिबोरिया! अठ्ठ्याण्णव झालेत! तुझंच घर राहिलंय! किती?"

म्हातारीने हात वर केला. एक बोट.

वारा सुटला होता, अंगण रुंद होतं, आणि कालिस्तोची नजर आता पूर्वीची नव्हती. डोळे बारीक करून तो दुसरं बोट वर यायची वाट पाहत राहिला.