तपासलेली वही

"वही द्या, मास्तर. पोरीच्या पेटीत ठेवायची हाय." नीलाबाई ओसरीच्या पायरीवरच उभी राहिली.

गुरुबसप्पा मास्तरांनी टेबलावरून दीपमालाची वही उचलली. निवृत्तीनंतर ते जळकोटात घरीच पोरांना फुकट इंग्रजी शिकवत. नववीतली दीपमाला त्यांची लाडकी. आठ दिवस ती आली नव्हती. सोमवारी आईनेच वही आणून दिली होती. "अंगात कसर हाय तिच्या. पर वही तपासून आणल्याबिगर जेवत न्हाई म्हनती."

मास्तरांनी तिथल्या तिथे वही तपासली होती आणि वर्गाला दाखवायला ठेवून घेतली होती.

"अहो, काय वाक्यं लिहिलीत पोरीनं! काल सगळ्यांना फळ्यावर लिहून दिली. मी सांगत असतो, खरं-खोटं बघू नका, मनाचं काहीही लिहा, फक्त रचना चुकू देऊ नका. हिची एक चुकली नाही."

"आमच्या घरात कुनाला येतंय इंग्रजी? काय लिवलंय?"

मास्तर खुशीत आले. चष्मा पुसून एकेका वाक्याचा अर्थ मराठीत सांगू लागले.

"'माझी शाळा बंद करण्यात आली आहे.' 'बुधवारी सकाळपर्यंत पाहुणे आलेले असतील.'"

नीलाबाईने पदर मुठीत घट्ट धरला.

"'मी अठरा वर्षांची असते, तर नाही म्हणाले असते.'"

मास्तरांचा आवाज खाली आला. इंग्रजीत हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं होतं, खडूने फळ्यावर लिहिलं होतं. मराठीत ते पहिल्यांदाच ऐकत होते.

त्यांनी शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. "'सर घरी आले, तर बाबा त्यांचं ऐकतील.'"

त्याखाली त्यांच्याच अक्षरात, लाल शाईने लिहिलं होतं: उत्तम.

"नीलाबाई, पोरगी कुठाय?"

"काल लगीन लावून दिलं. उमरीकडं." ती पायरीवर खाली बसली. "हळद लागंस्तोवर एकच इचारून राहिली हुती, मास्तरनी वही वाचली का. मी म्हनलं, हाव बाई, माझ्यासमोरच वाचली."