तिसऱ्यांदा आलेली चाकं

हरिदासभाऊंच्या गाडीची चाकं तिसऱ्यांदा दुकानात आली, तेव्हा भाग्यश्रीला रडू यायचंच बाकी होतं. सात महिन्यांत तिसरी खेप. चकचकीत केलेल्या अलॉयवर पुन्हा तेच पांढरे, बुरशीसारखे डाग.

ऊर्जानगरच्या रस्त्यावर चाकं घासून नवी करून देणारं हे एकच दुकान, आणि ते एका मुलीचं. पोरीच्या जातीला हे काय जमतं, असं म्हणणारे कमी नव्हते. तिनं नागपूरला काम शिकून दोन वर्षांपूर्वी हट्टानं शटर उघडलं होतं. हरिदासभाऊ वीजकेंद्रातून रिटायर झालेले, अख्खी कॉलनी त्यांना ओळखते. त्यांची चाकं भाग्यश्रीच्या हातून टिकत नाहीत, एवढं पसरलं की संपलंच. या खेपेनंतर पुन्हा डाग पडले तर शटर ओढायचं आणि नागपूरला नोकरी धरायची, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं.

पहिल्या वेळी गाडी वर्षभर अंगणात पडून होती, चाकं खराब होणारच. दुसऱ्या वेळी तिनं वीजकेंद्राच्या चिमणीतून पडणाऱ्या राखेला दोष दिला. ऊर्जानगरात कपडे पिवळे पडोत की कूलर बिघडो, राखेच्या नावानं बोटं मोडली की माणूस मोकळा. तरी तिनं चाकावर चढवायचं पारदर्शक लॅकर बदललं, चांगल्यातलं मागवलं. उपयोग शून्य.

भाऊ मात्र एका शब्दानंही रागावले नाहीत. डबा घेऊन आले आणि उलट्या बादलीवर ठाण मांडून बसले. जुनं लॅकर काढायचं, पाणी मारत बारीक पॉलिशपेपर फिरवायचा, मशीनवर चमक आणायची, वर नवं लॅकर. तीन दिवसांचं काम. तिन्ही दिवस भाऊंचं तोंड चालू असायचं. बॉयलरच्या गोष्टी, ड्युटीवरच्या भानगडी, दीड वर्षापूर्वी गेलेल्या बायकोच्या, सीताबाईंच्या हातचं वांग्याचं भरीत. मधूनच सुनेची तक्रार. सून पिंकी म्हणे भारी बारीक नजरेची. डाग दर वेळी तिलाच आधी दिसायचा, आणि चाकं दुकानात पोचेपर्यंत ती सासऱ्याचा पिच्छा सोडायची नाही. न पाहिलेल्या त्या पिंकीचा भाग्यश्रीला मनापासून राग यायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेपर फिरवता फिरवता तिचा हात थांबला. डागांभोवती बारीक, गोल ओरखडे होते. तारेच्या घासणीचे. रोज भांडी घासणाऱ्या बाईला ते लगेच ओळखू येतात. राख काही घासणी घेऊन येत नाही.

भाऊंना दुकानावर लक्ष ठेवायला सांगून तिनं स्कूटी काढली आणि थेट त्यांच्या घरी गेली.

गाडी अंगणात विटांवर उभी होती. पिंकी बाहेर आली तशी भाग्यश्रीनं सगळी भडास काढली. कोणीतरी घासणीनं चाकं रगडतं, लॅकरची वाट लागते, आणि नाव मात्र तिचं खराब होतं. आता दुकान बंद करायची पाळी आली आहे, हेही सुनावलं.

पिंकीनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "बाबा जेवले का तिथी?"

"जेवले. माह्या डब्यातलंही खाल्लं. त्याचं काय?"

"घरी अर्धी पोळी खातेत. आई गेल्या तवापासून खोलीतून निघत नाई, कोणासंग बोलत नाई. पहिल्यांदा चाकं दिली, तवा तीन दिवस तुमच्याकडे बसले. घरी आले अन् मले तासभर सांगत होते, चाक कसं चमकवतेत ते."

"अन् मग?"

पिंकीनं ओढणीखालून हात पुढे केले. बोटांची सालं निघाली होती.

"तुमचं पॉलिश लय पक्कं आहे, ताई. ॲसिड टाकून दोन-दोन दिवस घासा लागते, तवा कुठी डाग पडते."