विषाचा थेंबही नाही

तण उपटणारं यंत्र ओळीओळीनं पुढे सरकत होतं. विषाचा थेंबही न वापरता ते शेतात, बांधावर पिकाखेरीज उगवलेला प्रत्येक कोंब मुळासकट काढायचं. त्याच्यामुळेच सगळं शिवार सेंद्रिय झालं होतं. ते यंत्र घडवणारी केतकी सात वर्षांनी गिरजाबाईंना भेटायला आली होती.

"कुर्डूची रानभाजी केली असती तुमच्यासाठी," गिरजाबाई म्हणाल्या, "पण बांधावरबी उरली न्हाई. घोळ न्हाई, तांदुळजा न्हाई. नातीला नावं सांगते, पण दावू काय? तवा माझ्यासंगं हिंडून तुम्ही फोटो काढले व्हते, तेवढे द्या."

केतकीला त्यांच्याकडे बघवेना. एकशे बारा रोपांचे फोटो तिनं जपून ठेवले होते. प्रत्येकाखाली गिरजाबाईंनी सांगितलेलं नाव होतं आणि त्यापुढे तिनं स्वतः लिहिलेला एकच शब्द: तण.

"त्याच फोटोंवरून मी यंत्राला शिकवलं, आजी," ती कसंबसं म्हणाली. "काय उपटायचं ते."

गिरजाबाईंनी ओळीतून सरकणाऱ्या यंत्राकडे पाहिलं.

"म्हंजी मीच दावली की येकयेक," त्या पुटपुटल्या.

"नाही हो, चूक माझी आहे," केतकी पुन्हापुन्हा सांगत राहिली. पण म्हातारीनं तोवर पदर तोंडाला लावला होता.