आपसूक

वादळात वीज गेली तेव्हा मालवणच्या मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात दोघीच होत्या. वायरलेस सांभाळणारी वर्षाली आणि गुणाजीची आई हिरा. गुणाजीची होडी अजून आली नव्हती. वीज गेली तरी समुद्रातल्यांशी बोलता यावं, म्हणून वर्षालीने वायरलेस मुद्दाम कॉम्प्युटरच्याच यूपीएसला जोडला होता.

"इंजिन बंद पडला हा," गुणाजीचा आवाज आला. "होडयेत पाणी भरता. मी खंय आसंय ता सांगतंय, ऐक..."

तेवढ्यात कॉम्प्युटरने, त्याला नेमून दिल्याप्रमाणे, सगळं काम जपून ठेवलं, स्वतःला बंद केलं आणि बॅटरी वाचवायला यूपीएसही बंद केला. त्यासरशी वायरलेस मुका झाला. वर्षाली यूपीएसचं बटण दाबत राहिली. वीज आल्याशिवाय तो चालू होणार नव्हता.

बऱ्याच वेळाने वीज आली आणि कॉम्प्युटर आपसूक सुरू झाला. वर्षालीने माइक तोंडाशी धरला.

"गुणाजीदादा, माझा ऐकाक येता? दादा, खंय आसस?"

नुसती खरखर. ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

पडद्यावर अक्षरं उमटली. हिराला वाचता येत नव्हतं. तिने वर्षालीचा हात धरला.

"काय लिवला हा गो?"

माइक न सोडता वर्षालीने होतं तसं सांगितलं. "सगळा सांभाळून ठेवलला आसा. काय्येक हरवाक नाय."

हिराने कॉम्प्युटरला हात जोडले आणि पदर खोचला.

"मगे मी घराक जातंय. भुकेलो येतलो तो. पेज ठेवूक व्हयी."