कर्दमासुराची तीट

या थिएटरातला चित्रपट मुलांनी काढलेली चित्रं त्या खेळापुरती आपल्यात घ्यायचा. दारात शाल्मलीने चित्र दाखवलं आणि चित्रपटाने ते ठेवून घेतलं. आजच्या खेळात तिचा लाडका कर्दमासुर तिने काढला तसाच दिसणार होता: तीच शिंगं, तेच सुळे, फक्त गालावर काजळाची तीट.

“राक्षसाला कसली दृष्ट लागते गं?” बाबा हसले.

“सगळे त्याच्याकडे वाईटच बघतात. म्हणून तर रोज मरतो.”

पडद्यावर कर्दमासुराने गावावर मशाल उगारली. रोज इथेच त्याला बाण लागायचा. आज गावाजवळच्या तळ्यात स्वतःचा चेहरा दिसताच तो थांबला.

“ही तीट कोणी लावली?”

हा प्रश्न संवादात नव्हता. बाण रोखून उभा असलेला धनुर्धर गडबडला. “आई लावते,” म्हणत त्याने बाण खाली केला.

कर्दमासुराने मशाल तळ्यात विझवली. मशालीच्या काजळीने माखलेला चेहरा मात्र धुतला नाही. तीट पुसली गेली असती.